पायाखालची चांदणी

टक्.

एवढाच आवाज. दुपारचे पावणेतीन वाजले होते आणि घर इतकं गप्प होतं की फ्रिजसुद्धा श्वास रोखून बसल्यासारखा वाटत होता. माझा उजवा हात भुंगीच्या पाठीवर होता, आणि तो तिथून काढण्याचं काम निम्म्यावर आलं होतं. हे काम सोपं नाही. भुंगी साडेतीन वर्षांची आहे. दिवसभर काहीतरी गुणगुणत असते म्हणून भुंगी. झोपताना तिला पाठीवर हात लागतो, आणि तो नुसता ठेवलेला चालत नाही, त्याला वजन लागतं. झोप लागली असं समजून चटकन काढला तर डोळे टक्क उघडून फिर्याद येते, "तू हात काढलास." म्हणून आधी हाताचं वजन काढायचं, हात तिथंच. मग तळवा. मग बोटं राहतात, मग बोटांची टोकं, मग नुसती ऊब, आणि ऊब संपून हवा कुठे सुरू झाली हे तिला कळायच्या आत आपण खोलीच्या बाहेर. त्या दुपारी तळवा निघाला होता, तीन बोटं उरली होती, आणि बाल्कनीतून टक्. कुणीतरी जीभ टाळूला लावून 'च्' करावं तसा. पाठोपाठ कपड्यांचे चिमटे फरशीवर सांडत गेले, टपटपटप, आणि पुन्हा शांतता. भुंगी हलली नाही. मी मात्र तीन बोटं तशीच ठेवून बसून राहिले, कारण काय तुटलं ते मला न बघताच कळलं होतं. आपण केलेल्या वस्तूचा तुटण्याचा आवाज आपल्याला ओळखू येतो, जसं दहा पोरांच्या रडण्यात आपलं पोर ओळखू येतं.

बाल्कनीत माझं स्टूल एका गुडघ्यावर बसलं होतं. चारातला एक पाय आत दुमडला होता, वरची कपड्यांची टोपली कलली होती, नवऱ्याचा एक मोजा लोंबत होता. मी टोपली उतरवली, स्टूल उलटं केलं. फूटभर उंचीचं, वर जाड पत्रा, खाली चौकोनी नळीचे चार पाय, सगळं ॲल्युमिनिअमचं, सगळं मी स्वतः कापलेलं, घासलेलं, जोडलेलं. आठच दिवसांपूर्वी घरी आणलेलं. जोडाची रेघ जिथे संपत होती तिथे मी चांदणी काढली होती, आणि चीर बरोबर त्या चांदणीतून गेली होती. चांदणी हा आमच्या घरातला शब्द. प्रत्येक जोडाच्या शेवटी एक बारीकसा खळगा होता आणि त्या खळग्यात पाच-सहा केसासारख्या रेषा मध्यातून बाहेर फाकलेल्या. रुपेरी धातूवर त्या अशा चमकायच्या की स्टूल घरी आलं त्या दिवशी भुंगीनं एकेका चांदणीवर बोट ठेवून मोजणी केली होती, "एक, दोन, पाच, सहा, आठ!" आठच होत्या, एका पायाला दोन. कशी कुणास ठाऊक, बेरीज तिची बरोबर येते. "आई, तू चांदण्या कशा काढल्यास?" असं तिनं विचारलं होतं, आणि मी, आता आठवलं की कान गरम होतात, मी म्हटलं होतं, "हातानं!" खरं म्हणजे त्या आपोआप आल्या होत्या. मी फक्त श्रेय घेतलं. आणि आज सकाळी ही मुलगी या स्टुलावर उभी राहून दात घासत होती. नुसती उभी नव्हती, नाचत होती, दिवसातून दहा वेळा नाचते. समोर बेसिनची कड, खाली टाइल. माझी बोटं गार पडली. मी स्टूल उचलून कपडे धुण्याच्या मशीनमागे सरकवलं, तुटका पाय भिंतीकडे करून.

"काय पडलं गं?" सासूबाईंनी त्यांच्या खोलीतून विचारलं. त्या दुपारी शब्दकोडं सोडवतात आणि त्यांचं लक्ष सगळीकडे असतं.

"चिमटे."

"चिमट्यांचा असा आवाज होतो?"

"डबाभर होते, आई."

त्या काही बोलल्या नाहीत. पण त्यांचं न बोलणंही शब्दकोड्यातल्या रिकाम्या चौकोनासारखं असतं. किती अक्षरी शब्द हवाय ते त्यांना ठाऊक असतं. मी हे वेल्डिंग शिकायला लागले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "दुकानात प्लॅस्टिकचं स्टूल मिळतं. बदकाचं चित्र असतं वर." आणि तरी दर शनिवारी दहा ते एक भुंगीला सांभाळायचं त्यांनीच अंगावर घेतलं. नवरा शनिवारी कामावर असतो. तो लोकांना "ही वेल्डिंग शिकते" असं ज्या सुरात सांगतो, त्या सुरात लोक बायको सर्कशीत आहे असं सांगतील; थोडा अभिमान, थोडी धाकधूक, आणि पुढचा प्रश्न येऊ नये अशी इच्छा. पुढचा प्रश्न ठरलेला. कशासाठी? मला त्याचं उत्तर कधीच देता आलं नाही. भुंगी व्हायच्या आधी मी एका कचेरीत पत्रं लिहायचे. लोकांनी केलेल्या तक्रारींना 'आपले पत्र मिळाले' असं सुरू होणारी उत्तरं. सात वर्षं लिहिली, पण त्यातलं एकही माझ्या हाताला आठवत नाही. मग घरी राहिले. घरी तर केलेलं काम संध्याकाळपर्यंत पुसलं जातं, भांडी पुन्हा खरकटी, कपडे पुन्हा मळके, पोर पुन्हा भुकेलं. तक्रार नाही ही. पण एखादी गोष्ट करावी आणि ती केलेलीच राहावी, असं मनात कुठेतरी होतं. आणि ती राहिली होती आठ दिवस.

सुरुवात बाबागाडीपासून झाली. गाडीचा दांडा तुटला होता आणि कुणीतरी सांगितलं, बसडेपोच्या मागे एक पत्र्याची शेड आहे, तिथले म्हातारे जोडून देतात. त्यांना सगळे टाकीमामा म्हणायचे, कारण तीस वर्षं त्यांनी एकाच कारखान्यात दुधाच्या टाक्या जोडल्या होत्या, त्या टँकरवर बसवतात त्या. मोठं पोट, जाड चष्मा, आणि हात असे की त्या हातात कपबशीसुद्धा वाजत नसे. मी कडेवर भुंगीला घेऊन उभी होते. ते म्हणाले, "बघायचंय? पोरीला तिकडे खिडकीपाशी बसवा, तोंड पलीकडे करून," आणि त्यांनी एक जादा हेल्मेट माझ्याकडे दिलं. मी ते घातलं. ज्योत पेटली, काच आपोआप काळी झाली, आणि जग नाहीसं झालं. शेड गेली, डेपो गेला, मी गेले. हिरव्या अंधारात एवढासा राखाडी तुकडा उरला, त्याच्यावर एक मळकी साय. ती साय थरथरली, बाजूला सरली, आणि आत एक थेंब उघडला. नुकत्या जन्मलेल्या पोरानं पहिल्यांदा डोळा उघडावा तसा. ओला, स्वच्छ, कुणाकडेच न बघणारा. आणि आवाज येत होता, घूंऽऽ, भुंगीच्या गुणगुणण्यासारखा. जोड झाला, मी हेल्मेट काढलं आणि म्हटलं, "मला शिकवाल?"

"शिकून काय करणार?"

"माहीत नाही."

"मग या. ज्यांना माहीत असतं ते फार घाई करतात."

लोखंड बिचारं साधं असतं, टाकीमामा सांगायचे. तापलं की लाल होतं, चिडलं की ठिणग्या टाकतं, सगळं तोंडावर. ॲल्युमिनिअम मुकं. तापतं तरी रंग बदलत नाही, तसंच्या तसं शांत दिसतं, आणि मग एकदम पाणी होऊन हातातून गळून पडतं. मला ते ऐकताना नवऱ्याची आठवण झाली आणि हसू आलं. या धातूचे लाड फार. आधी पुसायचं, नखपॉलिश काढतात त्या वासाच्या द्रवानं. मग तारेच्या ब्रशनं घासायचं, आणि तो ब्रश फक्त त्याचाच, दुधाचं भांडं वेगळं ठेवतात तसा. मग एका हातात टॉर्च, तिच्या टोकाला टंगस्टनची टोकदार कांडी, तिच्यातून ज्योत. दुसऱ्या हातात बारीक सळई, जोडात थेंब थेंब घालायला. आणि पायाखाली पेडल, आच कमीजास्त करायला. दोन हात आणि एक पाय तीन वेगळी कामं करतात आणि डोळ्यानं फक्त त्या थेंबाकडे बघायचं. ते त्याला डबकं म्हणायचे. कांडी डबक्यात बुडता कामा नये. पहिल्या दिवशी मी ती सतरा वेळा बुडवली. दर वेळी फुस्स होऊन टोकावर गोळा बसायचा, आणि उठून ग्राइंडरवर पुन्हा टोक काढायचं. "ताई," टाकीमामा म्हणाले, "ते बिस्कीट नाही, बुडवायला." माझ्या शेजारच्या टेबलावर एक दातांचे डॉक्टर शिकायचे, सायकलची फ्रेम बनवायचं वेड होतं त्यांना. त्यांची कांडी कधी बुडाली नाही. सबंध आठवडा लोकांच्या तोंडात बारीक काम करणारा माणूस. मला त्यांचा इतका राग यायचा की मी घरी येऊन सगळ्यांचे दात दोनदा घासायला लावायचे. पण एका बाबतीत मी सरस होते. "पाय तयार आहे तुमचा," मामा म्हणाले होते. "हात शिकवता येतो, पाय येत नाही. कुठे शिकलात?"

शिवणाच्या मशीनवर. माझी आई शाळेचे गणवेश शिवायची, गठ्ठ्यानं, मोटर लावलेल्या मशीनवर. नववीत असल्यापासून बाह्या मी जोडायचे. पायाखालचं ते काळं पेडल किती दाबलं की सुई किती धावते हे मला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. आईचं शिकवणंही ठरलेलं, "शिवण संपली की पाय उचल, दोरा काप, पुढचं घे. पाय टाकून बसू नकोस." मामा पायाचं कौतुक करायचे तेव्हा मला आईचा पाय आठवायचा, टाचेला भेगा पडलेला, आणि वाटायचं, हे तिला सांगायला हवं. सांगितलंही फोनवर. ती म्हणाली, "बरं झालं, कुठे तरी उपयोग झाला."

त्या संध्याकाळी भुंगीनं बाथरूममध्ये जाऊन पाहिलं आणि बाहेर येऊन कंबरेवर हात ठेवले. "माझं स्टूल?"

"दवाखान्यात गेलंय."

"का?"

"पाय मोडला."

तिनं विचार केला. "दातवाले काका इंजेक्शन देणार?"

नवऱ्याला मी खरं सांगितलं. तो मशीनमागे वाकला, पाय हातात घेऊन बघितला. मग म्हणाला, "अगं, मग विकतचं आणू की. त्यात काय." त्याचं चुकलं नव्हतं. आणि त्यात काय हेच तर मला सांगता येत नव्हतं. विकतचं मोडलं असतं तर आम्ही दुकानदाराला दोन शब्द ऐकवले असते आणि झोपलो असतो. हे माझ्या हाताचं होतं. जो हात ती झोपेतसुद्धा मागते, त्याच हातानं मी तिच्या पायाखाली चीर ठेवली होती आणि वर तिला चांदणी म्हणायला शिकवलं होतं. मी मनाशी ठरवलं, आणखी एक स्टूल. ते असं व्हायला हवं की त्यावर तिला उभं करताना माझी बोटं गार पडणार नाहीत. नाही जमलं तर शनिवार बंद, हेल्मेट परत, आणि बदकाचं चित्र. दुसऱ्या दिवशी बदक घरी आलंच, तात्पुरतं म्हणून. भुंगीनं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "याला चांदणी नाही," आणि दात घासायला चक्क नकार दिला.

शनिवारी मी तुटकं स्टूल पिशवीतून काढून टाकीमामांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हे मला न दाखवता नेलंत?"

"तुम्ही चहाला गेला होता, मामा. आणि मला घरी जायची..."

"चहाला गेलेला माणूस परत येतो, ताई." ते चिडले नव्हते, त्यापेक्षा वाईट, हळू बोलत होते. त्यांनी नखानं तो खळगा दाखवला. "हे काय आहे माहीत आहे?"

"चांदणी," मी बोलून गेले. जीभ चावावीशी वाटली.

ते माझ्याकडे बघत राहिले. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही. आमच्या मुलीनं... आम्ही घरी असंच म्हणतो."

"आमच्या कारखान्यातपण चांदणीच म्हणायचे," ते म्हणाले. "चांदणी पडली की टाकी परत. दूध त्यातूनच गळायचं. डोळ्याला दिसायची नाही इतकी बारीक, पण दूध बरोबर शोधून काढायचं." मग त्यांनी कपाटातून एक डबी आणली, उरलेल्या सात खळग्यांवर लाल रंग फवारला, थोडं थांबून तो स्वच्छ पुसला, आणि फटीत शिरलेला रंग असेल तर वर यावा म्हणून पांढरी भुकटी उडवली. मामा, मी आणि शेजारच्या टेबलावरचे डॉक्टर, आम्ही तिघं वाकून बघत होतो. आधी काही नाही. पांढरं. मग एका खळग्यात गुलाबी ठिपका आला, त्याला पाय फुटले, आणि पांढऱ्यावर एक लाल चांदणी उमलली. मग दुसरी. पाहता पाहता साती उमलल्या. इतकं सुंदर होतं ते की मला रडू यायला हवं होतं तिथे मी म्हटलं, "अगंबाई!" आणि दातांचे डॉक्टर म्हणाले, "कीड लागली की आम्हीपण असंच रंगवून दाखवतो." मी त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं की ते स्वतःच्या सायकलकडे गेले.

मामांनी मला एका भंगार पत्र्यावर जोड मारायला लावला आणि ते माझ्या हाताकडे नाही, पायाकडे बघत बसले. मी रेघ पुरी केली, पाय उचलला. "पुन्हा," ते म्हणाले. पुन्हा. "पुन्हा." चौथ्यांदा ते हसायला लागले. "शाळा सुटल्यासारखा उचलता हो! घंटा झाली की खटकन!" आणि मग त्यांनी समजावलं. डबकं कडेकडून गोठत येतं आणि गोठताना आकसतं. आच एकदम गेली तर मधल्या थेंबाला चारी बाजूंनी ओढ बसते आणि भरून काढायला काही उरत नाही, म्हणून तो फाटतो. ती चांदणी. "शेवटी हळूहळू सोडायचं. आच कमी करत जायची, जाता जाता आणखी एक थेंब सळईचा द्यायचा, आणि ज्योत विझली तरी टॉर्च तिथंच धरून ठेवायची. ज्योतीनंतर दहा सेकंद नुसता गॅस येतो, त्याचं पांघरूण असतं ते. सुरुवात सगळ्यांना जमते, ताई. संपवणं येत नाही." मी त्या शनिवारी बावीस जोड मारले आणि बाविसांना चांदणी. डोक्याला कळत होतं. पायाला कळत नव्हतं. पायाला पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितलं होतं, पाय उचल, दोरा काप, पुढचं घे.

घरी आल्यावर मी आईला फोन केला. "तुझ्यामुळे मोडलं माझं स्टूल," म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

"घ्या! म्हणजे खापर शेवटी माझ्याच डोक्यावर!" ती खूश झाली होती, आवाजावरून कळलं. "तू लोखंड वितळव तिकडे आणि दोष माझ्या मशीनला दे."

"लोखंड नाही गं, ॲल्युमिनिअम."

"तेच ते." तिच्याकडे घड्याळ जोरात वाजतं, ते ऐकू आलं. "खरं सांगू का, मला तरी कुठे पाय तसा उचलायचा असायचा. चांगली शिवण शेवटाला जरा मागे येऊन पक्की करतात. पण तुमची शाळा सुटायची वेळ व्हायची. पाय पेडलवर होता तोवर मी लोकांची असायचे. उचलला की तुमची. म्हणून उचलायचे खटकन."

फोन ठेवल्यावरही मला ते दिसत राहिलं. शाळेच्या फाटकाशी धापा टाकत येणारी आई, पदराला निळ्या दोऱ्याचे तुकडे चिकटलेले, आणि मी रुसून बसलेली, की तू उशीर केलास. त्या वेळी तिच्या गठ्ठ्यातल्या किती बाह्यांची शिवण शेवटाशी उसवत असेल माझ्यापायी. आणि मीसुद्धा पहिलं स्टूल नेलं त्या शनिवारी, मामा चहाला गेलेले असताना, एक वाजत आला म्हणून शेवटचे दोन पाय घाईनं जोडून, स्टूल गरम असतानाच पिशवीत घालून धावत सुटले होते. भुंगीची झोपायची वेळ झाली असेल, तिला मीच लागेन. घाई तीच. नुसती एका पायातून दुसऱ्या पायात आली होती. मला त्या पायाचा राग येईना. तो दोष होता खरा, पण तो प्रेमाचाच होता, आणि तरीही त्यानं स्टूल मोडलं होतं. प्रेमानं केलं म्हणून धातू काही ऐकून घेत नाही.

पुढच्या शनिवारी पहिले सहा जोड फाटले. सातव्या वेळी मी हेल्मेट खाली केलं, ज्योत पेटवली. हिरवा अंधार, साय सरली, डबकं उघडलं. थेंब, पुढे. थेंब, पुढे. घूंऽऽ. तो आवाज आज फार ओळखीचा वाटला. भुंगी झोपता झोपता गुणगुणते, सूर हळूहळू खाली येतो, आणि तो पूर्ण बंद झाला तरी मी हात काढत नाही, कारण आवाज थांबणं म्हणजे झोप नव्हे. रेघ संपत आली. आणि मी, विचार करून नव्हे, पायाला पाय म्हणायचं विसरून गेले. तो माझा तळवा होता आणि त्याच्याखाली एक इवलीशी पाठ होती. मी त्याचं वजन काढलं. पाय तिथंच. मग तळवा. मग बोटं. डबकं लहान होत गेलं, रुपयाएवढं, वाटाण्याएवढं, मी एक थेंब जाता जाता दिला, मोहरीएवढं, आणि मग ते गोठलं, पण हिसका न बसता, जशी पापणी मिटते. ज्योत गेली. मी टॉर्च हलवली नाही. गॅसची बारीक फुंकर येत होती, तीही संपू दिली. हेल्मेटच्या आत मला माझाच श्वास ऐकू येत होता आणि मी मनात म्हणत होते, उठू नकोस, उठू नकोस.

लाल रंग. पुसला. पांढरी भुकटी. आम्ही तिघं वाकलो. पांढरंच राहिलं. मामांनी घड्याळ लावून आणखी दहा मिनिटं थांबायला लावलं. पांढरंच.

"कसं केलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"झोपवलं," मी म्हटलं.

मामांनी मान डोलावली, जणू हा शब्द कारखान्यातलाच होता.

नवं स्टूल व्हायला आणखी तीन शनिवार गेले. या वेळी नळ्या बोटभर जास्त लांब कापल्या, आणि प्रत्येक पाय चारी बाजूंनी जोडला. प्रत्येक जोडाच्या शेवटी मी पायानं एकेकाला झोपवत गेले, सोळा वेळा. दोन बिघडले, ते घासून काढून पुन्हा केले. एक वाजला, मी उठले नाही. सासूबाईंना फोन केला, "आई, आज दोन होतील." त्या म्हणाल्या, "तीन होऊ देत. आम्ही बदकाला आंघोळ घालतोय." शेवटी टाकीमामांनी चपला काढल्या, माझ्या खांद्याला धरलं आणि स्टुलावर चढले. "वजन पंच्याण्णव," ते वरून म्हणाले. "पडलो तर दात बसवायला माणूस हजर आहे." आणि त्यांनी उडी मारली. शेडचे पत्रे हादरले. स्टूल जागचं हललं नाही. त्यांनी ते उलटं करून प्रत्येक शेवटावरून अंगठा फिरवला, आणि चहाला गेले. मी ते परत येईपर्यंत थांबले.

घरी भुंगीनं स्टूल उलटं करवून घेतलं. बोट फिरवत गेली. चेहरा उतरत गेला. "चांदण्या कुठे गेल्या?"

"या वेळी काढल्या नाहीत."

"तुला येत नाहीत आता?"

"नाही येत," मी म्हटलं. हे इतकं खरं होतं आणि म्हणताना इतका आनंद झाला की मी तिचा पापा घेतला. तिनं तो बाहीनं पुसला.

ते बाथरूमपर्यंत पोचायच्या आत सासूबाई आल्या. "जरा दे बघू इकडे. मला वरचा डबा काढायचाच होता." त्यांनी स्टूल स्वयंपाकघरात नेलं, कपाटापाशी ठेवलं, दोन्ही पाय टेकवून सावकाश वर चढल्या, वरच्या फळीवरचा डबा काढला, हातात घेऊन तशाच वर उभ्या राहिल्या. एकदा उजव्या पायावर झाल्या, एकदा डाव्या. मग उतरल्या आणि डबा माझ्या हातात दिला. तो रिकामा होता. गेली चार वर्षं तो रिकामाच आहे, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "चिमट्यांना चालेल." आणि शब्दकोड्याकडे गेल्या. जाताना बदक उचलून घेऊन गेल्या.

मग आम्ही दोघी बेसिनपाशी. भुंगी चढली. आरशात आधी तिची झिपरी दिसली, मग डोळे, मग हनुवटी, मग गळासुद्धा, जो आजवर त्या आरशात आला नव्हता. बोटभर जास्त लांब कापलेल्या नळीची किमया. ती स्वतःच्या गळ्याकडे बघून खूश झाली. मी मागे उभी, उजवा हात तिच्या पाठीवर. बोटं गार पडतात का ते मी बघत होते. नव्हती पडली. तिनं ब्रश तोंडात घातला आणि गुणगुणायला लागली, तोंडात फेस असल्यामुळे सूर बुडबुड्यांतून येत होता. मग पायांनी ताल धरला. मग नाचच. स्टुलाखालून फरशी एका सुरात वाजत होती, टप टप टप, चारी पायांची, आणि मी ऐकत होते, एकेका पायाचा आवाज वेगळा काढून, आणि त्यात टक् कुठेच नव्हतं. मी ऐकतच राहिले. नळ गळत होता. पलीकडे सासूबाई कुणाला तरी विचारत होत्या की 'धीर' या अर्थी चार अक्षरी शब्द कोणता, आणि कुणीच नसल्यामुळे स्वतःच उत्तर देत होत्या. भुंगीनं चूळ भरली, थुंकली, आरशात वर बघितलं, आणि थांबली. आरशात माझे दोन्ही हात दिसत होते. एकात टॉवेल होता. दुसऱ्यात तो सासूबाईंचा रिकामा डबा. डबा त्यांनी दिला तेव्हापासून हातातच राहिला होता; टॉवेल मी कधी घेतला, मला आठवेना.

ती वळली. तक्रार नव्हती चेहऱ्यावर, या वेळी नव्हती. वेळ विचारावी तसं तिनं विचारलं,

"आई, तू हात कधी काढलास?"